मुकादमांचा स्वेटर

जुन्या कपड्यांच्या चिंध्या करून त्यांचं सूत काढणाऱ्या कारखान्यात तिला कामाला लागून जेमतेम चार दिवस झाले होते. "विनाकारण मशीन थांबवलंस, तर सरळ घरी!" असा मुकादमांनी पहिल्याच दिवशी दम भरला होता. आज पट्ट्यावरून मशीनकडे सरकणाऱ्या ढिगात तिला चक्क मुकादमांचाच निळा स्वेटर दिसला. याच कारखान्याच्या पहिल्यावहिल्या सुतातून त्यांच्या बायकोनं विणलेला तो स्वेटर थंडीभर त्यांच्या अंगावर असतो, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

मशीनच्या दात्यांनी एक बाही गिळली, तसं तिनं डोळे घट्ट मिटून लाल बटण दाबलं. सगळा कारखाना चिडीचूप झाला.

"मेलीस तू!" शेजारची ताई कुजबुजली.

मुकादम तरातरा आले. तिनं स्वेटर ओढून काढला आणि पुढे केला. "काका, चुकून ढिगात गेला होता. वाचवला मी!"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला.


"चुकून कसला गं, सहा हिवाळे टोचतोय मला तो, आज कुठे धीर करून मीच टाकला होता!"