दातांच्या खुणा

वाटीतल्या दुधात कुस्करलेली बिस्किटं गार होत चालली होती आणि बायको चपला घालून दारात उभी होती. तिला कामावर पोचायचं होतं. सासऱ्यांना भरवायला येणारी बाई आज आली नव्हती. आजच्या दिवस तुम्ही भरवा, असं ती नवऱ्याला पुन्हा पुन्हा सांगत होती.

"मला नाही जमत," तो म्हणाला. "अर्धं बाहेर येतं, लाळ गळते. शिसारी येते गं मला."

वडील समोरच खुर्चीत बसले होते. अर्धांगवायूच्या झटक्यानं त्यांचं तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं. कान दोन्ही शाबूत होते.

तेवढ्यात पेनवाला आला. हा जुनी पेनं शोधून काढायचा आणि या नवऱ्यासारख्या हौशी लोकांच्या गळ्यात मारायचा. त्याला पाहिल्याबरोबर वाटीवर झाकण पडलं आणि नवरा टेबल पुसायला लागला. स्वतःच्या हातानं. बायको बघतच राहिली.

पेनवाल्यानं पिशवीतून काढलेलं पेन काळं, जाडजूड होतं. कुठल्याशा आडगावात बापलेकांनी घरातल्या लेथवर कातलेलं. बाप कांडी कातायचा, मुलगा निब घासून बसवायचा, आता दोघंही नाहीत आणि कारखानाही नाही, असं पेनवाल्यानं सांगितलं. ऐकता ऐकता नवऱ्याचे डोळे पाणावले. बापलेकांचं असं जमायला भाग्य लागतं, म्हणाला. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय.

पेनाच्या मागच्या टोकाला दातांचे खोल व्रण होते. कुणा कारकुनानं उभी नोकरी ते चावत काढली असावी. पेनवाला म्हणाला, पॉलिश मारून घालवून देतो. हा एकदम कळवळला. व्रणांना हात लावायचा नाही, तीच तर पेनाची शान आहे, असं त्यानं बजावलं आणि त्यावरून अंगठा फिरवत राहिला.

निब मात्र वाळलेल्या शाईनं चोंदलं होतं. रात्रभर पाण्यात ठेवा, सुटेल, असं पेनवाला सांगत होता. याला कुठला दम निघतोय? त्यानं निब, खालच्या पेनाच्या जिभेसकट, तोंडात घातलं आणि चोखलं. परत चोखलं. दात निळे झाले, हनुवटीवरून निळी लाळ ओघळली. ती त्यानं मनगटानं पुसली आणि ओठ चाटले. कुणाचं पेन, तो कारकून कसा होता, त्याला काय काय रोग होते, देव जाणे.

"आता नाही येत शिसारी?" बायकोनं विचारलं.

"हे वेगळं असतं," तो म्हणाला. तसं त्याला खरोखरच वाटत होतं, हीच तर घाण.

खजिना हाती आला की तो चार जणांना दाखवल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. इथे दाखवायला वडीलच होते. त्यानं पेन त्यांच्या चांगल्या हातात दिलं. मुलानं आपल्या हातानं काही दिलं म्हणून ते हरखले. उलटसुलट करून त्यांनी पेन नीट पाहिलं, बोटांत धरलं. जन्मभर टेबलाशी बसून लिहिलेला माणूस. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून शब्द शोधता शोधता त्यांनी मागचं टोक ओठांत धरलं.

मुलानं ते हिसकावून घेतलं. वडिलांची मान हिसक्यासरशी पुढे आली. तो बेसिनकडे धावला. साबण लावला, मग स्पिरिट, मग फडकं. नाक मुरडत त्यानं ते इतकं घासलं की नळ बंद करायचंही भान राहिलं नाही. परत आला तो खिडकीशी गेला आणि टोक उजेडात धरून निरखायला लागला. नवा ओरखडा तर उठला नाही ना?

पेनवाला उगाचच पिशवीत काहीतरी शोधत होता. बायकोनं चपला काढल्या आणि वाटी उचलून ती सासऱ्यांजवळ येऊन बसली. चमचा त्यांच्या ओठांशी नेला, पण त्यांनी तो हातानं बाजूला सारला. त्यांना आधी बोलायचं होतं. शब्द जुळवायला त्यांना बराच वेळ लागला.

"घाबरू नकोस," खिडकीकडे बघत ते मुलाला म्हणाले. "मला दात नाहीत. खूण नाही पडायची."