मोहाडीतले क्लीटचे जोडे

मोहाडीत सायकल म्हणजे मासळी आणि गवत वाहायचं साधन. त्या गावात क्लीटचे जोडे घालणारा मी एकटाच. तळव्याखालची पट्टी पेडलमध्ये खटकन अडकते आणि पाय सायकलला जोडला जातो. मासळी विकणारा म्हातारा धनीराम तुटक्या चपलेने पेडल मारत रोज माझ्यापेक्षा मागे पडायचा. आज तलावाच्या पाळीवर त्याने विचारलंच.

"सर, या जोड्यायनं काय होते जी?"

"पाय पेडलवरून सुटत नाही. वेग वाढतो."

"अन् उतराचं कसं?"

"टाच बाहेर वळवायची. तुला नाही समजायचं ते."

मग खालच्या बांधीत, धानाच्या शेतातल्या चिखलात उभं राहून मी सायकलसोबत ऐटीत फोटो काढला. तेच जोडे पेडलमध्ये अडकवले आणि त्याला मागे टाकून निघालो. वळणावर म्हशी आडव्या आल्या. टाच वळवली, पण चिखलाने गच्च बसलेली पट्टी सुटेना. सायकलसकट मी बांधीत कोसळलो. तोंड चिखलात, पाय पेडलवर.

धनीरामने मानगुटीला धरून माझं तोंड वर काढलं. जोड्यांचे पट्टे सोडले आणि जाळ्यातून मासा सोडवावा तसे माझे पाय ओढून काढले. घोटा सुजला होता. जोडे पेडललाच अडकून राहिले.

माझी सायकल त्याने झाडाला टेकवली. आपल्या कॅरिअरवरची टोपली उचलून माझ्या हातात दिली.

"जोडे येतीन मंग सायकलीनं. तुमी बसा माह्या मांगं, मासोळ्या मांडीवर घेऊन."