जरा उठता का?

रविवारी पनवेलच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरची देखभाल करणारा यायर एकटाच होता. नवं सॉफ्टवेअर नेटवर्कवरून सगळीकडे पोचलं होतं, पण प्रत्येक कॉम्प्युटरवर जाऊन एकदा 'येस' दाबावं लागत होतं.

बायको मिल्का मुलांना घेऊन कायमची इस्रायलला गेल्यापासून सुट्टीच्या दिवशी घर त्याला खायला उठायचं. म्हणून रविवारची कामं तो मागून घ्यायचा आणि रिकाम्या खुर्च्यांशीही रोजच्यासारखाच बोलायचा.

"मॅडम, जरा उठता का? दोनच मिनिटं."

मग खुर्ची बाजूला सारायची, येस दाबायचं, पुढच्या टेबलाकडे जायचं.

खिडकीजवळचं शेवटचं टेबल आलं. "साहेब, जरा उठता का?"

त्याचा हात लागायच्या आधीच खुर्ची मागे सरकली, आणि तिची दबलेली गादी हळूहळू वर आली.