होळीचा साज

जागृती पावरा आत आली आणि मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला.

गळ्यात चांदीची जाड हासळी, दंडात कडी, कमरेला रुंद साखळी. "वा!" मॅडम म्हणाल्या. त्या पुण्याहून आल्या होत्या. त्यांच्या संस्थेला धडगावच्या कार्यालयासाठी पाड्यापाड्यांवर फिरणारी आदिवासी कार्यकर्ती हवी होती. शेजारी मोलगीच्या गुलाबबाई बसल्या होत्या, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. डोंगरातलं माणूस पारखायला संस्था त्यांना दरवेळी बोलावायची.

गुलाबबाईंना काही पटेना. एवढी चांदी अंगावर चढते ती होळीला, नाहीतर लग्नात. साध्या दिवशी, जीपच्या दाटीत बसून असं कोण येतं? शिवाय पोरगी पदर सारखा चाचपत होती. खोटी जात सांगून नोकरी लाटणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

त्यांनी एकदम पावरी बोलीत विचारलं, "गाव कुठलं? बाप कोण?"

"तोरणमाळच्या खालचा पाडा. बाप रामसिंग," ती तशाच बोलीत म्हणाली. कुठे अडली नाही.

बोली काय, शिकूनही येते, गुलाबबाईंच्या मनात आलं.

मॅडमचा फोन वाजला. त्या उठून दाराबाहेर गेल्या. गुलाबबाई टेबलावर वाकल्या.

"आता खरं सांग पोरी. होळीचा साज आज कशाला?"

जागृतीने हासळीखाली बोट घालून मान जरा मोकळी केली.

"मागच्या वर्षी पण आले होते, मावशी. कॉलेजचा ड्रेस घालून, केस मोकळे सोडून. तेव्हा म्हणालात, ही डोंगरातली वाटत नाही."

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच."

गुलाबबाईंनी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. तरी त्यांना ती आठवेना.

मॅडम परत आल्या. "काय गुलाबबाई, पक्की ना?"

"पक्की," गुलाबबाई खाली बघून म्हणाल्या.

"मग ठरलं! आणि हे बघ जागृती, आपल्याकडे बाहेरचे पाहुणे येत असतात. कामावर रोज अशीच येत जा."

"साज आत्याचा आहे, मॅडम," जागृती म्हणाली. "आज संध्याकाळी परत द्यायचाय."

मॅडमचं हसू ओसरलं. त्यांनी फाइलीतून तिचा जातीचा दाखला काढला आणि खिडकीच्या उजेडात धरून पाहू लागल्या.