बटण गरमवर होतं

आज सकाळी आमच्या मटणाच्या दुकानामागे बायको गळा चिरलेली सापडली. दुपारी तिला शेवटचं नेसवायला हिरवं लुगडं न्यायला मी दवाखान्यातून घरी आलो. आमचं जुनं वॉशिंग मशीन घरघरत होतं. बाजूला जावई माझा सदरा घालून रडत बसला होता.

"मामा, चिखलात पडलो. कपडे धुवायला टाकलेत."

लेकीला मारतो म्हणून बायकोने तिला त्याच्याकडे परत पाठवायचं नाकारलं होतं.

मशीनचं बटण 'गरम'वर होतं. आम्ही खाटीक, आमच्या घरात ते कधी 'गार'वरून हलत नाही. "गरम पाण्यानं रक्त कापडात शिजतं," असं बायको दुकानातल्या प्रत्येक नव्या गड्याला बजावायची.

मी झाकण उघडून त्याचा शर्ट ओढला. छातीवरचे डाग तपकिरी होऊन पक्के बसले होते.

"पाव्हणं, चिखल असा असतोय व्हय?"

तो दाराकडे पळाला. मी मानगूट धरून त्याचं तोंड कढत पाण्यात दाबलं, वर काढलं, पुन्हा दाबलं.

"म्हातारी आडवी आली म्हणून!" तो किंचाळला. शेजाऱ्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली.

पोलीस त्याला घेऊन गेले. लेक अजून दवाखान्यात आईजवळ बसली आहे. तिला हे सांगायचं राहिलं आहे.