बिब्याचे डाग

डॉक्टरीणबाईंनी हर्षाचा उजवा पंजा दिव्याखाली धरला. बोटांवर अकरा चामखिळी होत्या. त्यांच्या मधेमधे काळपट, ओढलेल्या कातडीचे चार डाग.

"चामखीळ तो समझ गयी. पण हे डाग कशाचे?"

दहा वर्षांच्या हर्षानं मान वर केली नाही. "कढईतलं तेल उडालं."

बाजूला तिचा बाप गोवर्धन बसला होता. सालेकशाहून गोंदियाला येताना गाडीत लेक खिडकीबाहेर बघत बसली होती. इथं काय सांगायचं, ते दोघांनी ठरवलं नव्हतं.

ते तेल कढईतलं नव्हतं. होळीच्या आधी, बायको रुख्मा माहेरी गेलेली असताना, त्यानं विस्तवावर बिबा तापवला होता आणि चामखिळी जळाव्यात म्हणून सुईच्या टोकानं त्याचं तेल लेकीच्या बोटांना लावलं होतं. शाळेत खिचडीच्या पंगतीत पोरी तिच्याशेजारी बसत नव्हत्या. ती रोज रडत घरी यायची, ते त्याला बघवत नव्हतं. ती हात ओढायला लागली, तेव्हा त्यानं तिचं मनगट गुडघ्याखाली दाबून धरलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी सुईत औषध भरलं. "हे विषाणू मारायचं औषध. चामखिळीच्या बुडातच द्यावं लागतं. आज तीन देते, बाकीच्या नंतर. दुखेल थोडं. बाबा, हात पकडा तिचा. हलायला नको."

गोवर्धन उठला. त्याची बोटं मनगटाला लागली मात्र, पोरीचं सगळं अंग आक्रसलं. सुई अजून डॉक्टरीणबाईंच्या हातातच होती.

"बाबा, तू नोको धरू," हर्षा हळूच म्हणाली. "मी हालत नाई."

ती खरंच हलली नाही. सुई तीनदा टोचली. औषध शिरताना चामखिळीभोवतीची कातडी पांढरी पडून फुगली. हर्षानं खालचा ओठ दातांत धरला होता.

"बहादूर आहेस गं! मोठे मोठे लोक ओरडतात इथे."

"त्याच्यापेक्षा कमीच दुखते हे."

"कढईच्या तेलापेक्षा?"

गोवर्धन उभाच होता.

"कढई नोहोय, मॅडम. बिबा होय. मीच लावला. पोरगी नाई म्हणे, तरी दाबून लावला."

बोलणी खायला त्यानं मान खाली घातली. डॉक्टरीणबाईंनी बोटांना कापूस लावला, चिकटपट्टी लावली.

"चामखिळी जातील," त्या म्हणाल्या. "डाग राहतील."

जिना उतरताना हर्षा दोन पायऱ्या पुढे होती. मध्येच थांबून ती वळली.

"काऊन सांगतलं तू? मी तं आईलेबी कढईच सांगतली."

गोवर्धनचा हात कठड्यावरच राहिला. माहेरून आल्यावर रुख्मानं पोरीचा हात पाहिला होता आणि त्याला एका शब्दानंही विचारलं नव्हतं. तिनं आपल्याला माफ केलं, असं तो इतके महिने समजून होता.