बोटाखालचा आकडा

भगीरथने वाइनच्या कार्डावर सातशेच्या आकड्याखाली बोट ठेवलं आणि तोंडाने एवढंच म्हणाला, "साहेब, या धर्तीची एखादी चालेल?"

टेबलावर अकरा माणसं होती. टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या रस्त्यावरच्या या रिसॉर्टात असा घोळका जेवायला आला, की मॅनेजर खांबाजवळ उभा राहून सगळं न्याहाळत असे. आज तर भगीरथची परीक्षाच होती. पार पडली, तर वेटरचा कॅप्टन होणार होता. मॅनेजरने एक नियम त्याच्या डोक्यात ठोकून बसवला होता. पाहुण्यांसमोर किंमत बोलायची नाही. यजमानाला कार्ड दाखवायचं, आकड्याखाली बोट ठेवायचं. परवडत नसेल तर तो गुपचूप दुसऱ्या ओळीवर बोट ठेवतो. मान हलवली की झालं. भगीरथला ही रीत फार आवडली होती. त्याच्या डोळखांबकडच्या पाड्यावर कोंबडीचा भावसुद्धा अख्ख्या वस्तीला ऐकू जाई.

आजचे यजमान होते बारकूबाबा. पांढरंशुभ्र धोतर, कडक टोपी, नाकावर जाड भिंगांचा चष्मा. मुलगा रविंद्र कल्याणच्या कंपनीत साहेब झाला म्हणून त्याच्या ऑफिसातल्या मंडळींना ही मेजवानी होती. "खर्च बाबा करतायत. हट्टच आहे त्यांचा. मंडळींसमोर कार्डही त्यांनाच दाखवा, तेवढाच मान," रविंद्रने दारातच बजावलं होतं. बोलताना त्याची छाती फुगली होती.

सातशेला बाबांनी मान हलवली. भगीरथला हुरूप आला. त्याने बोट खाली सरकवलं, अठराशेवर. तिथेही मान हलली. मग मात्र त्याला राहवेना. बोट थेट शेवटच्या ओळीवर गेलं. चार हजार आठशे. बाबांनी त्यालाही शांतपणे मान डोलावली.

ही बाटली आल्यापासून कपाटात धूळ खात पडली होती.

"एवढ्या मंडळींना तीन लागतील, साहेब."

पुन्हा मान. तिकडे मॅनेजर चक्क हसत होता. आता कॅप्टनचा कोट आपलाच, भगीरथने मनाशी धरलं. तो कार्ड उचलणार, तोच बाबांनी त्याचं मनगट धरलं आणि डावा अंगठा पुढे केला.

"शाई कुठाय, पोरा?"

"कसली शाई?"

"आंगठा लावाला. बोट ठेवलंस ना तू हितं?"

भगीरथ हबकलाच. त्या चष्म्याला भुलून आपण केवढा घोटाळा करून बसलो! त्याने खाली वाकून विचारलं, "बाबा, वाचता येत नाय तुमाला?"

"नाय रे." मुलाच्या साहेबांना ऐकू जाऊ नये म्हणून बाबा अगदी हळू बोलत होते. "शेत दिलं तवा त्या शेटनीबी आसंच बोट ठेवलं व्हतं. चारचौघांत भाव बोलाचा नसतो, बोल्ला. मी मान हलवली न् आंगठा दिला."

भगीरथला स्वतःच्या बोटाचीच शिसारी आली. मॅनेजर लांबून बाटल्या आणायची खूण करत होता. रविंद्र शेजारच्या साहेबाशी हसत होता. नुसतं 'हो साहेब' म्हणून वळलं असतं, तरी कोट मिळाला असता. भगीरथने कार्ड मिटलं.

"बाबा," तो मोठ्यांदा म्हणाला, "एक बाटली चार हजार आठशेची हाय. तिनांचे चौदा हजार चारशे व्हतात."

रविंद्रचा चेहरा पांढराफटक पडला. मॅनेजर तरातरा टेबलाकडे येऊ लागला.

बाबांनी पायाखालच्या गुळगुळीत फरशीकडे पाहिलं.

"चौदा हजार?" त्यांनी विचारलं, आणि आता ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "आरे, हे हाटेल हुबं हाय त्या आख्ख्या शेताचे मला बारा हजार दिलते."